मंगळवारचे मंडळ

लिव्हरपूल हा इंग्लंडमधला नामांकित फुटबॉल क्लब एका बिअरवाल्याने काढला, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आमच्या नातवाच्या खोलीत त्या क्लबचे लाल पोस्टर आहे, पण त्यालाही ठाऊक नव्हते.

गोष्ट अशी. लिव्हरपूल शहरात सेंट डोमिंगो नावाचे एक मेथडिस्ट चर्च होते. तिथल्या मुलांनी १८७८ साली फुटबॉलचा संघ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव एव्हर्टन झाले. मेथडिस्ट लोक दारूच्या कडक विरोधात. पोरांनी गुत्त्यात जाऊ नये, मैदानावर खेळावे, हाच त्या काळच्या अशा चर्च-संघांमागचा एक हेतू असे. पण मैदानाला पैसे लागतात. ते दिले जॉन हाउल्डिंग नावाच्या गृहस्थाने, आणि हाउल्डिंगचा धंदा होता बिअर गाळण्याचा! अ‍ॅनफील्डचे मैदान त्याने मिळवून दिले. जवळच त्याचे सँडन नावाचे हॉटेल होते. एव्हर्टनचे खेळाडू त्या हॉटेलात कपडे बदलायचे आणि तिथून मैदानावर जायचे. म्हणजे चर्चमध्ये जन्मलेला संघ दहा वर्षांच्या आत दारूच्या दुकानातून मैदानात उतरू लागला होता. पुढे भाड्यावरून भांडण झाले, मैदानावर फक्त याचीच बिअर विकायची का यावरूनही झाले. शेवटी १८९२ साली एव्हर्टनची मंडळी उठून दुसऱ्या मैदानावर गेली. हाउल्डिंगकडे मैदान राहिले, संघ नाही. तेव्हा त्याने नवा संघ काढला. तोच हा लिव्हरपूल.

मँचेस्टर युनायटेडचेही तसेच. न्यूटन हीथ नावाचा रेल्वे कामगारांचा क्लब कर्जात बुडाला होता. १९०२ साली त्याला जॉन हेन्री डेव्हिस याने वाचवले आणि नवे नाव दिले. हा डेव्हिसही बिअरच्या कारखान्याचा मालक. क्लबच्या कप्तानाचा कुत्रा हरवला, तो डेव्हिसकडे सापडला आणि त्यातून दोघांची ओळख झाली अशी आख्यायिका आहे. कुत्र्याचे खरेखोटे देव जाणे, बिअरचे मात्र खरे आहे.

हे सगळे मी कशाला शोधत बसलो? सांगतो. माझा एक विद्यार्थी होता. अभ्यासात बेताचा, पण कबड्डीत चढाईला गेला की समोरच्या संघाची पाचावर धारण बसायची. खेळाच्या जोरावर त्याला एका कारखान्यात नोकरी लागली. काम नावाला, खेळणे मुख्य. सामना जिंकला की पार्टी, हरला की दुःख विसरायला पार्टी. चाळिशीच्या आत गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी शिवलं नव्हतं हो. याला कुणी शिकवलं?" शिक्षकाला असा प्रश्न विचारला की तो डोक्यातून जात नाही. पुढे नातवाबरोबर फुटबॉल बघताना आणि त्या खेळाडूंची चरित्रे वाचताना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला.

मराठीच्या मास्तराला दारू म्हटली की 'एकच प्याला' आठवणारच. गडकऱ्यांचा सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि त्या जखमेवर तळीराम पहिला प्याला पुढे करतो. आपण हे नाटक इतके मनात मुरवले आहे की दारूडा म्हटला की आपण त्याच्या मागचे दुःख शोधू लागतो. काहीतरी घडले असणार, त्याशिवाय का पितो?

इंग्रज लोकांनीही जिमी ग्रीव्ह्जच्या बाबतीत नेमके हेच केले. ग्रीव्ह्ज हा गोल करण्यात अफाट माणूस. इंग्लंडसाठी ५७ सामन्यांत ४४ गोल. १९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्येच होता. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या पायाला जखम झाली, टाके पडले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले. ग्रीव्ह्ज बरा होऊनही कडेला बसून राहिला. तेव्हा बदली खेळाडूचा नियम नव्हता आणि पदकेही मैदानावरच्या अकरा जणांनाच मिळाली. १९७१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो मोठ्या फुटबॉलमधून बाहेर पडला आणि पुढची काही वर्षे दारूत बुडून गेला. लोकांनी गणित मांडले. अंतिम सामना हुकला, म्हणून दारू लागली. झाला सुधाकर तयार!

पण ग्रीव्ह्जला स्वतःला हे गणित मान्य नव्हते. तो तर आधीपासूनच पीत होता, सगळेच पीत होते. १९७८ च्या सुरुवातीला त्याने दारू सोडली ती कायमची. पुढे टीव्हीवर इयान सेंट जॉनबरोबर त्याचा फुटबॉलवरचा विनोदी कार्यक्रम इतका गाजला की एका पिढीला तो खेळाडू होता हे नंतर कळले. २००९ मध्ये उरलेल्या खेळाडूंबरोबर त्यालाही विश्वचषकाचे पदक मिळाले. २०२१ साली वारला तेव्हा दारू सोडून ४३ वर्षे झाली होती.

"सगळेच पीत होते" यात सगळे आले. इंग्लंडमधला पब म्हणजे आपला गुत्ता नव्हे. आपल्याकडची चावडी, देवळाचा पार आणि गुत्ता एकत्र केला तर जे होईल ते. गिरणीतला, खाणीतला, गोदीतला कामगार काम सुटले की तिथे जाई. फुटबॉलपटू त्याच घरांतून आलेले. त्यांचा पगारही कामगाराच्या तोडीचा. १९६१ पर्यंत तर कायदाच होता म्हणा ना, कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला २० पौंडांच्या वर द्यायचे नाहीत. जिमी हिल या खेळाडूंच्या पुढाऱ्याने संपाची तयारी केली, तेव्हा जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा उठली. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सचा पगार आठवड्याला १०० पौंड झाला. पगार वाढला, पण दिनक्रम तोच राहिला. सकाळी दहाला सराव, दुपारी मोकळे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, खिशात पैसे, हाताशी अख्खी दुपार आणि बरोबर दहा-बारा तसेच मित्र. तो जाणार कुठे?

आणि खेळणे संपले की काय? पस्तिशीला आलेल्या माणसाला दुसरे काही येत नसे. मग पुष्कळ जण पब चालवायला घेत. बिअर कंपन्यांनाही ते हवेच असे. दारावर गाजलेल्या खेळाडूचे नाव, की गिऱ्हाईक आपोआप आत. म्हणजे तरुणपणी काउंटरच्या या बाजूला आणि म्हातारपणी त्या बाजूला.

जॉर्ज बेस्टची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, तरी सांगतो. बेलफास्टच्या कामगार वस्तीतला हाडकुळा मुलगा. पंधराव्या वर्षी मँचेस्टरला आणला, तर घरच्या आठवणीने लगेच परत पळून गेला होता. समजूत घालून पुन्हा आणला. सतराव्या वर्षी पहिला सामना, १९६८ साली युरोपियन कप आणि त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. वय बावीस. दिसायला देखणा, केस बीटल्ससारखे. पोर्तुगालच्या वर्तमानपत्रांनी तर त्याला पाचवा बीटलच करून टाकले. त्याच्याआधी कुठल्याही फुटबॉलपटूच्या मागे असे कॅमेरे लागले नव्हते, आणि त्याला सांभाळायचे कसे हे क्लबमध्ये कुणाला कळत नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये तो युनायटेडसाठी शेवटचा खेळला. वय सत्तावीस. ज्या वयात खेळाडू बहराला येतो, त्या वयात हा संपला. नंतर तो इकडेतिकडे खेळला, पण त्यात मन नव्हते. १९८४ सालचा नाताळ तुरुंगात गेला, दारू पिऊन गाडी चालवणे आणि पोलिसावर हात उचलणे यासाठी.

बेस्टच्या घरातले एक दुःख फारसे सांगितले जात नाही. त्याची आई अ‍ॅन. आयुष्याची बरीच वर्षे ती दारूला शिवलीही नव्हती. मुलगा जगप्रसिद्ध झाला, घराभोवती बातमीदार आणि बघे गोळा होऊ लागले, आणि ती पिऊ लागली. १९७८ साली दारूनेच गेली. मुलाच्या कीर्तीचा चटका आईला असा बसला. मला तर हे त्याच्या तुरुंगवासापेक्षा भयंकर वाटते.

२००२ मध्ये बेस्टचे यकृत बदलले. दुसऱ्या कुणाच्या मरणाने मिळालेले यकृत, आणि तो पुन्हा पिऊ लागला. लोक चिडले, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये, अगदी शेवटच्या दिवसांत, त्याने आपला रुग्णशय्येवरचा पिवळा पडलेला फोटो वर्तमानपत्रात छापायला सांगितला. माझ्यासारखे मरू नका, एवढाच निरोप. २५ नोव्हेंबरला गेला, वय ५९. बेलफास्टमध्ये अंत्ययात्रेला पावसात लाखभर माणसे रस्त्यावर उभी होती. त्याला आईशेजारी पुरले. पुढच्या वर्षी शहराच्या विमानतळाला त्याचे नाव दिले.

फक्त इंग्रजांचीच ही तऱ्हा असे समजू नका. ब्राझीलला १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक जिंकून देणारा गारिंचा हाही दारूनेच गेला, १९८३ साली, अवघ्या ४९ व्या वर्षी. वाकड्या पायांचा हा गिरणगावातला मुलगा. त्याचे वडीलही पिणारे. पण ब्राझीलची कथा वेगळी आहे, ती इथे आणली तर मूळ विषय राहील बाजूला.

तर मूळ मुद्दा असा की यातले कोणी एकटे कोपऱ्यात बसून प्यायला शिकले नव्हते. पिणे हा संघाचा भाग होता. एकत्र प्यायले की एकी वाढते असे शिकलेसवरलेले प्रशिक्षकही मानत. आणि गंमत म्हणजे निकाल त्यांच्या बाजूचे होते! ब्रायन क्लफ हा नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मोठा विक्षिप्त आणि मोठा हुशार मॅनेजर. १९७९ च्या लीग कपच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्याने खेळाडूंना झोपू न देता शॅम्पेन पाजली. दुसऱ्या दिवशी संघ पहिल्या अर्ध्या डावात मागे पडला आणि मग ३-२ ने जिंकला. दोन महिन्यांनी त्याच संघाने युरोपियन कप जिंकला. आता याला कोण सांगणार की दारू वाईट? क्लफचे स्वतःचे यकृत २००३ मध्ये बदलावे लागले आणि २००४ मध्ये तो गेला. पण १९७९ साली ते कुणाला दिसणार होते?

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला, तेव्हा आपल्या हाती फुटबॉलचा क्लब आला आहे की पिण्याचा, असा प्रश्न त्याला पडला. फर्ग्युसन काही सोवळा माणूस नव्हता. खेळणे संपल्यावर ग्लासगोत त्याने स्वतः पब चालवले होते. दारू माणसाचे काय करते ते त्याने काउंटरमागून पाहिले होते, म्हणूनच कदाचित तो कडक झाला. १९८९ मध्ये त्याने नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅकग्रा या दोघांनाही विकून टाकले. दोघेही लोकांचे लाडके. व्हाइटसाइड सतरा वर्षांचा असताना विश्वचषक खेळलेला. मॅकग्रा डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढलेला, स्वभावाने लाजाळू, गुडघे दुखावलेले. त्याने खेळणेच सोडावे अशी क्लबची इच्छा होती. तो अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला आणि १९९३ साली त्याच्याच बरोबरीच्या खेळाडूंनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडले. दारू मात्र सुटली नव्हती. कडक शिस्तीने युनायटेडचे भले झाले यात शंका नाही. पण संघाबाहेर काढलेला माणूस बरा होतो असे नाही, एवढे मॅकग्राच्या उदाहरणावरून दिसते.

आता शीर्षकातल्या मंडळाकडे येतो. लंडनच्या आर्सेनल क्लबात १९८०-९० च्या दशकांत 'ट्यूजडे क्लब' म्हणून एक प्रकार होता. बुधवारी सुट्टी असे. म्हणून मंगळवारी सराव संपला की खेळाडूंचा जथा जो पबकडे निघे, तो रात्र संपेपर्यंत. आपल्याकडे भजनी मंडळे असतात ना, गुरुवारचे, शनिवारचे, तसे हे मंगळवारचे. कप्तान टोनी अ‍ॅडम्स हा त्यातला बिनीचा वारकरी. (वारकऱ्यांनी क्षमा करावी.)

६ मे १९९० रोजी अ‍ॅडम्सने गाडी एका भिंतीवर घातली. रक्तातली दारू कायद्याच्या मर्यादेच्या चौपटीहून अधिक निघाली. डिसेंबरमध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले सुमारे दोन महिने त्याने भोगले. त्या हंगामात आर्सेनल विजेता ठरला. पूर्ण हंगामात लीगमध्ये एकच सामना हरला, चेल्सीविरुद्ध, तोही फेब्रुवारी १९९१ मध्ये, कप्तान तुरुंगात असताना. सुटून आल्यावर प्रेक्षकांनी त्याचे टाळ्यांनी स्वागत केले आणि कप्तानपद त्याच्याकडेच राहिले. म्हणजे शिक्षेने काही शिकवले नाही, कारण बाहेर सगळे जसेच्या तसे होते. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यातही असेच चाले. दंडाची नोटीस आणि पार्टीचे आमंत्रण एकाच टेबलावरून येई.

मंडळातला दुसरा सभासद पॉल मर्सन. १९९४ च्या नोव्हेंबरात त्याने दारू, कोकेन आणि जुगार या तिन्ही व्यसनांची जाहीर कबुली दिली, पत्रकार परिषदेत रडला. लोक हादरले. पण मंगळवार चालूच राहिले.

१९९६ च्या उन्हाळ्यात युरो स्पर्धा इंग्लंडमध्ये होती. त्याआधी इंग्लंडचा संघ हाँगकाँगला गेला होता. तिथल्या एका क्लबात खेळाडूला दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे करून तोंडात दारू ओतण्याचा खेळ झाला. फोटो छापून आले, वर्तमानपत्रांनी झोडपले, विमानातही मोडतोड झाली. मग स्कॉटलंडविरुद्ध पॉल गॅस्कॉइनने तो सुप्रसिद्ध गोल केला, आणि गवतावर आडवे पडून मित्रांकडून तोंडात पाण्याच्या बाटलीतून पाणी ओतून घेतले. कालपर्यंत शिव्या घालणारा देश हसून लोटपोट! नातवाने मला ती चित्रफीत दाखवली तेव्हा मलाही हसू आले. नंतर गॅस्कॉइनचे काय झाले हे वाचले आहे, तरी आले. यशाने सगळे धुऊन निघते ते असे.

त्या संघाचा कप्तान अ‍ॅडम्सच होता. गंमत अशी की त्या स्पर्धेपुरता तो कोरडा राहिला होता. उपान्त्य सामन्यात इंग्लंड जर्मनीशी पेनल्टीवर हरले, आणि हा जो पिऊ लागला तो सात आठवडे. ऑगस्टच्या मध्यावर थांबला. सप्टेंबरमध्ये आर्सेनलच्या खेळाडूंना एकत्र बसवून त्याने सांगितले की मी दारूडा आहे. कल्पना करा, ज्यांच्याबरोबर दहा वर्षे प्यायला त्यांच्यासमोरच हे सांगायचे! तुरुंगात जाण्यापेक्षा हे अवघड असणार.

त्यानंतर काही दिवसांतच जपानमधल्या नागोयाच्या क्लबाहून आर्सेन वेंगर नावाचा फ्रेंच मॅनेजर तिथे आला. मास्तरासारखा दिसणारा, चष्मेवाला. इंग्लंडमध्ये त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याने स्टेक, चिप्स बंद करून उकडलेल्या भाज्या, मासे आणि कोंबडी आणली, ताण देण्याचे व्यायाम आणले, बिअर बंद केली. खेळाडूंनी चॉकलेटसाठी कुरकुर केली म्हणतात. १९९८ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकले. बदलाचे सगळे श्रेय वेंगरला दिले जाते, मला ते अर्धे वाटते. तो आला तेव्हा मंडळाच्या म्होरक्यानेच मंडळ सोडले होते. वरून आलेली शिस्त आणि आतून आलेली कबुली एकाच महिन्यात भेटल्या, असे रोज होत नाही.

तिसरे कारण पैसा. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, १९९५ नंतर युरोपातून खेळाडू मोकळेपणाने येऊ लागले. त्यांना मंगळवारच्या पबचे अप्रूप नव्हते. खेळाडू कोट्यवधींची मालमत्ता झाला, आणि मालमत्ता कोणी बिअरमध्ये भिजत घालत नाही. पण सदऱ्यावर बिअर होतीच बरं का! प्रीमियर लीगलाच १९९३ ते २००१ कार्लिंग बिअरचे नाव होते. लिव्हरपूलच्या छातीवर १९९२ ते २०१० कार्ल्सबर्ग. हाउल्डिंगसाहेबांचा आत्मा शंभर वर्षांनी शांत झाला असेल. मधे १९८२ ते १९८६ लीग कपला दूधवाल्यांनी पैसा दिला होता आणि त्याचे नाव चक्क 'मिल्क कप' होते, पण दुधाला तेवढी धाव नसते.

"याला कुणी शिकवलं?" या प्रश्नाचे उत्तर मला एका नावात सापडले नाही. तळीराम शोधायला गेलो तर अख्खी बखरच निघाली. मैदान देणारा, पार्टी देणारा, जिंकल्यावर टाळ्या वाजवणारा, सगळेच थोडे थोडे तळीराम. ही गोष्ट त्या माउलीला सांगावी असे वाटले होते, पण ती आता नाही.

अ‍ॅडम्सने २००० साली खेळाडूंसाठी 'स्पोर्टिंग चान्स' नावाची व्यसनमुक्ती संस्था काढली. ती अजून चालते. तिथे आता जुगाराने गांजलेले खेळाडूही मोठ्या संख्येने येतात. मर्सनही सांगत आला आहे की तिन्हींपैकी जुगार सोडणे त्याला सर्वांत जड गेले. आणि सदऱ्यावरची बिअर गेल्यावर तिथे कोण आले म्हणता? सट्टा कंपन्या. २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवले की २०२५-२६ चा हंगाम संपला की छातीवरून ती नावे काढायची. बाहीवर मात्र चालतील म्हणे. त्यावर सवडीने वेगळे लिहीन. नातवाचे म्हणणे आहे की त्यासाठी आधी मला सट्ट्याचा भाव कसा लागतो ते शिकावे लागेल.